उसन्या दहा गोळ्या

थर्मास चिठ्ठीवर ठेवला तो देर्लिसनेच. कोरोनेल बोगादोहून असुन्सिओनला सहा तासांचा बसचा रस्ता, मांडीवर आईच्या कागदांचा गठ्ठा, आणि तेरेरेचं, म्हणजे थंड पानांच्या काढ्याचं, बर्फाचं पाणी टेकवायला पठ्ठ्याला तेवढीच सपाट जागा दिसली. थर्मासला घाम सुटला. उतरताना बघतो, तर थायरॉइडच्या मोठ्या डॉक्टरांच्या नावची चिठ्ठी ओलीचिंब आणि गावच्या डॉक्टरांचा शिक्का म्हणजे नुसता जांभळा डाग.

या तारखेसाठी सात महिने वाट पाहिली होती.

आई, एउलोखिया, सव्वीस वर्षं डोक्यावर टोपली घेऊन बसगाड्यांत गरम चिपा, चीजचे छोटे पाव, विकायची. ड्रायव्हरने कितीही करकचून ब्रेक दाबला तरी एक पाव खाली पडला नाही. आता गळा सुजलेला, पावलं फुगलेली, तिसऱ्या सीटपाशीच धाप. दोन-दोन गोळ्यांनी रक्तदाब उतरेना. "मूळ गळ्यात दिसतंय," गावचे डॉक्टर म्हणाले होते, "आता उशीर नको."

इस्पितळाच्या खिडकीतल्या बाईने कागद दोन बोटांत उचलला. "हा शिक्का आहे की जखम?"

"शिक्काच, बाई. जरा भिजलाय."

"मग नवी चिठ्ठी आणा. नवी तारीख देते."

देर्लिसने गयावया केली. गावच्या दवाखान्यात फोन लावला, कुणी उचलेना.

"शाळेचं दप्तर भिजवायचास तेव्हा ओढ्याला बोल लावायचास," आई म्हणाली. "आज कुणाला लावतोस?" आणि भिंतीला धरून तिथेच खाली बसली.

नर्सने दाब मोजला. दोनशे दहा, एकशे वीस. "एवढा दाब घेऊन उभ्या होतात?"

"बसा असं कुणी म्हटलं?"

तातडीच्या विभागात दुपारपर्यंत दाब उतरवला. मोठ्या डॉक्टरांचं दार मात्र उघडलं नाही. तारीख मिळाली चार महिन्यांनंतरची, आणि थायरॉइडच्या गोळ्या उरल्या होत्या दोन. गावात साठा यायला दहा दिवस. देर्लिसला वाटलं, आपण थर्मासखाली चिठ्ठी नव्हे, आईच ठेवली.

बाकावर शेजारी काआसापा गावची साटुर्निना सगळं ऐकत बसली होती, गळ्याला रुमाल बांधलेली. मोठ्या डॉक्टरांकडून नुकतीच बाहेर आलेली. तिची पुढची तारीखही तीच. तिने आपल्या पट्टीतून दहा गोळ्या कापल्या. तातडीच्या डॉक्टरांनी बघून मान डोलावली, "तीच ताकद आहे."

"उसन्या देतेय हं, दान नाही. याच बाकावर परत करायच्या," साटुर्निना म्हणाली. "आणि बाळा, थर्मास आपल्या डोक्यावर ठेव."

"देते, बहिणी. वर चिपा देते," आई म्हणाली.

चार महिन्यांनी चिठ्ठी प्लास्टिकमध्ये, शर्टाच्या आत. बाकावर साटुर्निना नव्हती. दारातून तिचं नाव पुकारलं. एकदा, दोनदा, तीनदा. कुणी उठलं नाही. मग एउलोखियाचं नाव आलं.

"तू इथेच बस," आई म्हणाली. "ती आली तर कुणीतरी हवं."

आई बाहेर आली ती हळूहळू. "गळ्याचं औषध बदललंय. हृदय थकलंय म्हणाले. चार महिने आधी यायला हवं होतं." त्याच्याकडे न बघता तिने चिपाची पुरचुंडी बाकावर ठेवली. "आली का रे ती?"

"नाही."

शिपाई फरशी पुसत बाकापर्यंत आला, तेव्हा दोघं उठली. परत द्यायच्या गोळ्या देर्लिसच्या खिशातच होत्या. दहाच्या दहा.