गाढवाचा आवाज

शेजाऱ्यांकडे मागच्या दिवाळीत टीव्ही आला. गल्लीतली पोरं त्यांच्या बैठकीत दाटीवाटीनं बसून बाहुल्यांचा कार्यक्रम बघतात. एकदा त्यांची धाकटी मला बोलवायला आली. "काका, बाबा म्हन्ते तुमी बाहुल्यावाले मास्तर होते. या ना पाहाले." गेलो. पाच मिनिटांत उठून आलो. पोरं बाहुल्यांकडे बघत होती. माझी नजर मात्र खाली जात होती, पडद्याची कड संपते तिथं. त्या कडेखाली कोण गुडघे टेकून बसलंय आणि शेजारी कोण बसलंय, हे पुढच्याला कधीच कळत नाही. मी त्या न कळण्यावर आजवर जगलो. आता पन्नाशीला टेकलो आहे, लिहून टाकतो. बायकोलाही हे सांगितलेलं नाही.

अमरावतीच्या एका शाळेत मी मराठी शिकवत असे. वडील वकील, आजोबा पंचांग सांगणारे. शुद्ध बोलणं हीच आमच्या घरची इस्टेट. आमचे हेडमास्तर एका शिबिराला जाऊन आले आणि हातबाहुल्यांचं खूळ घेऊन आले. हातमोज्यासारखी बाहुली हातात घालायची, पडद्याआड बसायचं, हात वर करून खेळ करायचा. पेटी वाजवायला गाण्याच्या बाई होत्या. बोलायला मी. आणि बाहुल्या करायला आमचे सूतकताईचे गुरुजी.

गुरुजी तिवशाजवळच्या खेड्यातले, शेतकऱ्याघरचे. टकळीवर त्यांच्या हातून निघणारं सूत बघत राहावं असं. पण बोलताना अडखळायचे. साधं नाही, पहिल्या अक्षरावरच गाडी रुतायची. मान ताठ व्हायची, डोळे मिटायचे. शिक्षकांच्या खोलीत आम्ही त्याचा खेळ केला होता. ते "च... च..." करू लागले की एक जण म्हणे "चहा?", दुसरा म्हणे "चपराशी?", तिसरा म्हणे "चतुर्थी हाय काय आज, गुर्जी?" ज्याचा शब्द बरोबर निघेल त्याला टाळी. बहुतेक वेळा मीच जिंकायचो. भाषेचा मास्तर ना! गुरुजीही हसायचे. ते हसतात म्हणजे त्यांना चालतं, असं आम्ही ठरवून टाकलं होतं.

बाहुल्या मात्र त्यांनी अशा केल्या की पाहणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. रद्दी आणि मेथ्या भिजवून, कुटून, त्याच्या लगद्याची डोकी. आमच्याकडे बाया टोपली लिंपतात तोच लगदा. राजाला कापसाच्या मिशा. गाढवाला त्यांनी खालचा जबडा वेगळा केला होता, आत अंगठा घातला की तोंड उघडायचं, मिटायचं. आम्ही खेळ घेऊन जाऊ त्या सगळ्या गावांतली पोरं त्या गाढवासाठी यायची.

हात त्यांचा, आवाज माझा. आम्ही गोणपाटावर शेजारी शेजारी गुडघे टेकून बसायचो, त्यांचे हात डोक्यावर, माझ्या हातात कागद. दोन वर्षांत त्यांचा हात माझ्या श्वासाला इतका सरावला की मी तोंड उघडायच्या आत जबडा हलायचा. एकदा दर्यापूरला मला मधेच शिंक आली, तर गाढवही शिंकलं. पोरं हसून लोळली. गुरुजी मागाहून म्हणाले, त्यांनी काही केलं नव्हतं, हातच गेला.

मग बातमी आली की पुढच्या सालापासून सूतकताईचा तास बंद. म्हणजे गुरुजींची नोकरी गेली. हेडमास्तर मनाचे चांगले. ते म्हणाले, चौथीचा वर्ग रिकामा होतोय, पण अडखळणाऱ्या माणसाला वर्ग कोणत्या तोंडानं मागू? शिक्षण खात्याचे डेप्युटी साहेब मंजुरी देणार नाहीत.

यातून वाट काढली ती बाईंनी. एका दुपारी त्या उद्योगाच्या खोलीत दुरुस्तीला दिलेला पेटीचा भाता घ्यायला गेल्या. गुरुजी गाढवाचा जबडा शिवत होते आणि शिवता शिवता, हातात गाढव घालून, त्याच्या तोंडून स्वतःशी बोलत होते. सरळ. एकही अक्षर न अडकता. बाई दारातूनच ओरडल्या, "अगं बाई! गुरुजी, तुमी त चांगले बोलता!"

गाढव हातात असलं की जीभ सुटायची. काढलं की पुन्हा गाठ. का ते मला आजही कळत नाही. हेडमास्तरांनी त्यातून बेत आखला. अकोल्यात जठारपेठेतल्या एका शाळेत शिक्षकांचा मेळावा होता, डेप्युटी साहेब येणार होते. तिथं गाढवाचा आवाज गुरुजींनी काढायचा. साहेब खूश झाले की तिथल्या तिथं सांगायचं, हाच तो माणूस, याला वर्ग द्या. मला राजा दिला.

तालमीत गुरुजींचं गाढव बोलू लागलं. माझं गाढव पुस्तकी बोलायचं. त्यांचं त्यांच्या गावचं बोलायचं. राजा म्हणे, "एवढं ओझं तुला जड होत नाही?" तर गाढव म्हणे, "महाराज, वझं माह्या पाठीवर हाय, म्हनून तुमाले हलकं वाटून राहिलं." बाईंना हसू आवरेना, पेटी बेसूर वाजली. चपराशी दारात उभा राहून टाळ्या पिटायला लागला. मग शाळा सुटल्यावर पोरं माझ्यामागे यायची थांबली आणि त्यांच्यामागे धावू लागली. "गाढववाले गुर्जी! गाढववाले गुर्जी!" एवढंच झालं होतं. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही. असतं तर बरं झालं असतं.

बसमध्ये गुरुजी माझ्याशेजारी बसले. बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत त्यांनी मला एकच गोष्ट सांगितली, तेवढा वेळ लागला. बायको माहेरी बाळंत झाली होती. वर्ग मिळाला तर ते तिला अमरावतीला आणणार होते, खोलीही पाहून ठेवली होती. गावी भाऊ होते, त्यांच्या हाताखाली पुन्हा राबायचं नव्हतं. अर्धी वाक्यं मीच पुरी केली. शेवटचं मात्र त्यांनी मला पुरं करू दिलं नाही, हात वर करून थांबवलं आणि स्वतः काढलं. "तुमचं आयकून आयकूनच शिकलो, मास्तर."

मी बाहेर कापसाच्या पऱ्हाटीची शेतं बघत बसलो. आणि ओठातल्या ओठात गाढवाचा आवाज काढून पाहिला. त्यांच्या गाढवाचा. जमला.

हे नीट सांगायला हवं, कारण पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आलो की ते ऐनवेळी गमतीत झालं. ते गमतीत झालं नाही. मूर्तिजापूर सोडताना माझं ठरलेलं होतं.

दुपारी खेळ सुरू झाला. सभागृह शिक्षकांनी आणि त्या शाळेतल्या पोरांनी भरलेलं. डेप्युटी साहेब पहिल्या रांगेत, पुण्याकडचे, चेहरा कोरा. पडद्याच्या फटीतून मी त्यांच्याकडे बघत होतो. दहाव्या मिनिटाला त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले, इतके हसत होते. हेडमास्तर त्यांच्या कानाशी लागून काहीतरी सांगत होते. काय ते मला ठाऊक होतं: एरवी अडखळणारा माणूस पाहा कसा बोलतोय. शेजारी गुरुजी घामानं निथळत होते, पण आवाज खणखणीत.

"महाराज, म्या गाढव हाय हे मले ठाऊक हाय. तुमाले तुमचं ठाऊक हाय काय?"

हशा उसळला. तो ओसरेपर्यंत थांबायचं, मग पुढचं वाक्य. हशा ओसरू लागला आणि गुरुजींनी श्वास घेतला. त्या श्वासात मी त्यांच्याकडे झुकलो आणि त्यांच्या गाढवाच्या आवाजात म्हणालो, "म... म... म... महाराज."

वर गाढवाचा जबडा चार वेळा उघडला आणि मिटला. प्रत्येक म ला एकदा. त्यांचा हातच गेला.

पोरं किंचाळली. गुरुजींनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. हात तसेच वर. हात खाली घेता येत नाहीत ना, खेळ मोडतो. मग ते पुढचं वाक्य बोलायला गेले, तेही "महाराज"नंच सुरू होत होतं. म वर गाडी रुतली. डोळे मिटले, गळ्याच्या शिरा उभ्या राहिल्या. वर गाढव तोंड उघडून थिजलेलं. सभागृह हसत सुटलं होतं, त्यांना ते सगळं सोंगच वाटत होतं. दोन वर्षं मी या माणसाची वाक्यं पुरी केली होती. त्या वेळी केलं नाही. पुरेसा वेळ जाऊ दिला आणि मग राजाच्या आवाजात म्हणालो, "काय रे गाढवा, जीभ गिळलीस काय?"

त्या दिवसाचा सगळ्यात मोठा हशा त्यावर आला.

खेळ कसाबसा आटोपला. हेडमास्तर पडद्याआड आले ते पडलेल्या चेहऱ्यानं. "गुरुजी, काय केलंत हे? इतकं चांगलं चाललं होतं आणि मधेच अडखळलात! साहेब म्हणतात, खेळात ठीक आहे, पण वर्गात पोरं या गृहस्थांची रेवडी उडवतील."

गुरुजी उभे राहिले. गाढव हातातून काढून त्यांनी गोणपाटावर ठेवलं होतं. ते माझ्याकडे बोट करून म्हणू लागले, "मी... मी... मी..." मी नाही, एवढंच म्हणायचं होतं. मला कळत होतं. तिथं ते फक्त मलाच कळत होतं. ते माझ्याकडे बघत होते, पूर्वीसारखं मी पुरं करीन म्हणून.

हेडमास्तरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "राहू द्या, गुरुजी. दिसतंय मला."

मी राजाच्या मिशा सारख्या करत होतो.

बाई पेटीजवळ, पडद्याच्या आतल्या अंगाला बसल्या होत्या. त्यांनी ऐकलंही होतं, पाहिलंही होतं. बसस्टँडवर त्यांनी मला बाजूला घेतलं. "मास्तर, तुमी सांगता की मी सांगू?"

मी म्हणालो, "सांगा की. पण बाई, गाण्याचा तासही टिकेल असं नाही म्हणतात. वर तुम्ही एकट्या, गुरुजींची बाजू घेऊन पुढे झालात तर लोक काय काय बोलतील, तेही बघा."

विधवा बाई होत्या, म्हातारे सासरे पदरी. त्या पेटी उचलून बसकडे गेल्या. त्यानंतर माझ्याशी कामापुरतंच बोलल्या.

उन्हाळ्याच्या सुट्टीत गुरुजी गावी गेले आणि परत आले नाहीत. पाहून ठेवलेल्या खोलीत दुसरं कोणीतरी राहायला आलं. खेळ मात्र थांबले नाहीत. उलट पोरं मागू लागली, "ते अटकनारं गाढव दाखवा!" आता गाढव मीच हलवायचो आणि मीच अडखळवायचो. सहा-सात वर्षं अमरावती-अकोल्याच्या कितीतरी शाळांत ते अडखळणं हाच आमच्या खेळाचा प्राण होता. लोक म्हणत, काय हुबेहूब करता हो मास्तर! मी हात जोडायचो.

मग एकदा तिवशाला खेळ झाला. दुपारचा, शाळेच्या ओसरीत. पोरं पांगली, मी ट्रंक भरत होतो. पडदा बाजूला सारून गुरुजी आत आले. उन्हानं रापलेले, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं. मागच्या रांगेत बसून सगळा खेळ त्यांनी पाहिला होता.

मी म्हणालो, "या या, गुरुजी! किती दिवसांनी!"

ट्रंकेतून त्यांनी गाढव उचललं. जबड्याची शिवण उसवली होती, मी ती पिनेनं टाचली होती. त्यांनी पिन काढली, खिशातून सुई-दोरा काढला आणि ओसरीच्या कडेला बसून टाके घातले. बहुतेक खेळ बघतानाच त्यांना ते दिसलं असावं आणि खेळ संपताच त्यांनी कोणाकडून तरी सुई-दोरा मागून घेतला असावा. टाके झाल्यावर त्यांनी गाढव हातात घातलं, जबडा दोनदा हलवून पाहिला आणि ते माझ्याकडे वळवलं.

गाढव म्हणालं, "काहून मास्तर, तवा काहून नाई बोलले?"

एकही अक्षर अडकलं नाही. रागही नव्हता. खरंच ठाऊक नसलेली गोष्ट विचारावी, तसं विचारलं.

मी म्हणालो, "केव्हा? कशाबद्दल म्हणता, गुरुजी? मला तर काही आठवत नाही."

जबडा थोडा वेळ उघडाच राहिला. मग त्यांनी गाढव काढलं, कान सरळ केले आणि ट्रंकेत नीट उताणं ठेवलं. मग ते स्वतःच्या तोंडानं बोलू लागले.

"त... त..."

मान ताठ झाली, डोळे मिटले. मी त सुरू होणारे शब्द शोधू लागलो, जुन्या सवयीनं. तुमी. तवा. तोंड. मग शोधणं सोडून दिलं. माझ्या गाडीला अजून अर्धा तास होता.

"येतो गुरुजी, गाडीची वेळ झाली," म्हणालो, ट्रंकेची कडी लावली आणि निघालो. शाळेच्या फाटकापर्यंत मागून ते एकच अक्षर ऐकू येत होतं.