जीवरामनानांचं शुभेच्छांचं झाड

नवरात्र उठलं की जीवरामनानांचा मुक्काम फाटकापाशी हलायचा. पोस्टमन येवो, कुरियरवाला येवो, नाहीतर एखाद्या पतपेढीचा शिपाई पाकिटं वाटत येवो. नाना त्याला चहाचं विचारायचे आणि त्याच्या हाताकडे बघायचे. त्यांची सून मोनाली स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे पाहायची आणि कणीक जरा जोरातच मळायची.

नाना जळगावातल्या एका पाइपच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. तिथे त्यांच्या सहीशिवाय नळीचा तुकडा हलत नसे. निवृत्त झाले, शाल-नारळ घेऊन घरी आले, आणि दुसऱ्या दिवशी गॅसचा सिलिंडर कधी येणार यापलीकडे त्यांना कुणी काही विचारेना. एखादा माणूस अशा वेळी देवळात जाऊन बसतो, एखादा कुंडीत मिरच्या लावतो. नानांनी दिवाळीची शुभेच्छापत्रं लावायला घेतली.

पहिल्या वर्षी हॉलमध्ये सुतळी ताणून त्यांनी पत्रं कपड्यांच्या चिमट्यांनी लटकवली, आणि मोनालीचे ओले कपडे गच्चीवरून शेजारच्यांच्या अंगणात उडून गेले. पुढच्या वर्षी गेलेल्या बायकोच्या शालूची किनार उसवून खिडकीच्या गजांना बांधली आणि तिच्यात पत्रं खोचली. मुलगा नवल म्हणाला, "नाना, आईचा शालू होता तो." नाना म्हणाले, "ती असती तर तिलाही अभिमान वाटला असता." नवल भुसावळला रेल्वेत ड्युटीवर निघून गेला. घरातल्या बहुतेक गोष्टींवर त्याचं हेच उत्तर असायचं.

त्याच्या पुढच्या वर्षापासून झाड आलं. ठिबक सिंचनाची काळी नळी वाकवून नानांनी भिंतीवर बुंधा केला, फांद्या काढल्या आणि प्रत्येक फांदीला पत्रं टांगली. झाडाला वनस्पतिशास्त्र नव्हतं, राजकारण होतं. शेंड्यावर बापूसाहेब, म्हणजे तालुक्याच्या शिक्षणसंस्थेचे चेअरमन. त्याखाली सराफ, त्याखाली बँक, मग विमा एजंट, आणि अगदी मुळाशी, सोफ्याच्या पाठीमागे, शिंपी. कुठल्याही निवडणुकीचा निकाल लागला की नाना स्टुलावर चढून कुणाला वर, कुणाला खाली करायचे. हरलेला माणूस शिंप्याच्या शेजारी यायचा. त्याला ते कधी कळणार नव्हतं, पण नानांच्या चेहऱ्यावर निकाल जाहीर करणाऱ्या अधिकाऱ्याचं गांभीर्य असायचं.

मोनालीला सगळ्यात जास्त किळस यायची ती निराळ्याच गोष्टीची. दोन्ही बाजूंना फांद्या सारख्या भरत नसत, म्हणून नाना शेजारच्या डाळमिलवाल्या लखीचंद शेठकडे जायचे. शेठच्या घरी पत्रांचा ढीग यायचा आणि शेठाणी सुगनबाई त्यावर गरम कढया ठेवायच्या. "ले जाओ नाना, अच्छेवाले अलग रखे हैं," म्हणत त्या गठ्ठा द्यायच्या, रद्दीवाल्याला देतात तसाच. घरी आल्यावर नाना पत्रांवरच्या पत्त्याच्या चिठ्ठ्या ओल्या बोळ्याने घासून शेठचं नाव पुसायचे. त्यामुळे या वर्षी शेंड्यावर बापूसाहेबांची दोन पत्रं होती. तोच फोटो, तेच हात जोडणं, तीच छापील सही, डावीकडे आणि उजवीकडे.

भाऊबीजेच्या सकाळी पारोळ्याकडच्या खेड्यातून नानांची थोरली बहीण ताईबाई आली. बरोबर तिचा मुलगा अभिमन. तो बापूसाहेबांच्याच संस्थेच्या शाळेत शिकवायचा, कित्येक वर्षं तात्पुरता. आता एक जागा कायम होणार होती आणि ती कुणाला द्यायची हे बापूसाहेब ठरवणार होते. अभिमनचं लग्नही त्या जागेवर अडून बसलेलं.

ताईबाईने पाण्याचा तांब्या हातात घेतला आणि झाडाकडे पाहिलं. तांब्या तसाच राहिला.

"जिवा, हाऊ तर बापूसाहेब ना?"

"होय अक्का."

"आनि हाऊबी तोच?"

"तोही तेच."

"दोन दोन कारड धाडं तुले?" ताईबाई अभिमनकडे वळली. "दख रे. लोकसले एक धाडतस. तुना मामाले दोन!"

मोनालीच्या हातात चहाचा ट्रे होता. एक वाक्य पुरलं असतं. आत्याबाई, त्यातलं एक शेठच्या रद्दीतलं आहे. तिने नानांकडे पाहिलं. नानांनी मान जरा तिरकी करून, संकोचाचा आव आणत म्हटलं, "जाणं-येणं आहे आता. काय करणार." मग मोनालीने चहाच तेवढा पुढे केला. हा माणूस स्वतःच्या पायाने कुठपर्यंत जातो ते तिला बघायचं होतं. पणाला लागलेली नोकरी नानांची नव्हती, अभिमनची होती, हे तिच्या ध्यानात यायला उशीर झाला.

"मंग आजच बोल," ताईबाई म्हणाली. "येक शबद टाक. ओवाळनी तीच समज."

बापूसाहेबांचं दिवाळी स्नेहमिलन त्याच सकाळी एका मंगल कार्यालयात होतं. नानांना नाही म्हणता आलं नाही. ठेवणीतला सफारी चढला, दोन रिक्षा झाल्या.

हॉलमध्ये भलीमोठी रांग होती. पुढे नाना, मागे ताईबाई, अभिमन, शेवटी मोनाली. नाना मागे वळून सांगत होते, "गर्दी म्हणून रांगेत आलो. एरवी थेट आत." नंबर आला तसे ते कमरेत असे वाकले की सफारीची शिवण ताणली गेली.

"ओळखलं का साहेब?"

"हो, हो! काय, तब्येत बरी ना? मुलं काय करतात?" बापूसाहेब म्हणाले. हेच ते पुढच्याला म्हणाले होते आणि त्याच्या पुढच्यालाही.

"आपली कृपा," नाना म्हणाले, फोटोसाठी कॅमेऱ्याकडे वळले आणि बाजूला झाले. अभिमनचं नाव ओठापर्यंतही आलं नव्हतं.

ताईबाई मात्र जागची हलली नाही.

"बापूसाहेब, हाऊ मना पोऱ्या. तुमनीच शायमा शिकाडस. बठ्ठासमा जुना मास्तर हाऊच शे, आजून कायम नई व्हयना." मग बोट नानांकडे. "आनि तो मना भाऊ. त्याले तुम्ही दोन दोन कारड धाडतस ना, तो."

बापूसाहेबांनी नानांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर ओळखीचं काही उमटलं नाही. मग ते मोकळेपणाने हसले. "अहो आजी, कार्डं प्रेसवाला परस्पर पाठवतो. कुणाला जातात, मलाही ठाऊक नसतं."

भोवतीची माणसं हसली. सगळ्यात मोठ्याने नाना हसले. "साहेबांचा विनोदी स्वभाव!" ते शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणाले. मोनालीची मान खाली गेली. हसू दाबायला नव्हे. अभिमनचा चेहरा तिला बघवत नव्हता.

बापूसाहेबांनी अभिमनला नखशिखांत न्याहाळलं. "विषय कोणता?"

"गणित, साहेब."

"सोमवारी कागद घेऊन ऑफिसात या. बघू." आणि हात पुढच्याकडे गेला.

बाहेर मांडवात कागदी बशांतून चिवडा आणि लाडू वाटत होते. नाना दोन बशा घेऊन आले. "झालं काम," ते म्हणाले. "मी हसलो ना, ती खूण होती. अशी माणसं चारचौघांत ओळख दाखवत नाहीत, अक्का."

ताईबाईने बशी घेतली नाही. तिने भावाकडे पाहिलं. लहानपणी त्याला कडेवर घेऊन ती शेतावर जायची. मग पदराने तोंड पुसून ती मुलाकडे वळली.

"सोमवारे तू येकलाच जाय. आनि तठे मामानं नाव काढू नको."

अभिमनने मान हलवली. मोनालीला वाटलं, आता तरी नाना गप्प बसतील.

"बरोबर आहे अक्काचं," नाना लाडू मोडत म्हणाले. "माझं नाव आलं तर लोक म्हणतील, वशिल्याने लागला."