माझ्या हाताचं माप

दादाची रायफल पडली नव्हती. भांडणानंतर मीच ती रागानं आपटली होती. हे आजवर कुणालाच सांगितलं नाही. त्याची नेमबाजीची निवड महिन्यावर होती. दादा परगावी असताना खांद्याला टेकवायचा तो मोडका लाकडी दस्ता पिशवीत घालून मी सदर बाजारामागच्या गल्लीत गेलो.

तिथला म्हातारा कारागीर कवडशात बसला होता. भोवती भुसा तरंगत होता. एकेक लाकूड कानाशी नेऊन तो बोटानं वाजवायचा, डोळे मिटून ऐकत राहायचा. अक्रोड मला परवडेना, म्हणून त्यानं शिसवीचा तुकडा काढला.

"लाकूड सस्तं घ्या बाबू, चालते. पण मोडक्यावरून माप नाही निघत. मले चालवणाऱ्याचा हात पाहिजे. रायफल तुमचीच आहे ना?"

दादाला आणलं असतं, तर दस्त्याचा तडा पाहून रायफल पडली नाही, आपटली आहे, हे म्हाताऱ्यानं त्याच्यासमोर ओळखलं असतं. मी "हव" म्हणालो आणि हात पुढे केला. त्यानं कोपरापासून बोटापर्यंत अलगद सुतळी धरली.

दस्ता सुरेख झाला. "नवा आहे, सवय होईल," म्हणत दादा नेम चुकत राहिला. निवड हुकली. "नजर गेली माझी," म्हणून त्यानं रायफल सोडली.

त्याची नजर चांगली होती, माझा हात त्याच्याहून लांब होता. एवढं त्याला सांगणं अजून बाकी आहे.