मतलब विचारणारे हाफिजजी

२०१६ साल. माझं वय एकसष्ट, आणि आमच्या चिंचवडच्या वस्तीतल्या मशिदीत मुलामुलींना शिकवणारे हाफिजजी जेमतेम पस्तिशीचे. त्यांची एक खोड होती. पोराने कुराणाची ओळ घडाघडा म्हटली की त्या पानावर हात ठेवायचे आणि विचारायचे, "मतलब?" अर्थ सांगितल्याशिवाय पान उलटू द्यायचे नाहीत.

दुसऱ्या मशिदींत पोरं वर्षात कुराण संपवायची, घरचे पेढे वाटायचे. यांच्याकडे तीन तीन वर्षं. मी एकदा भांडायलाच गेलो. म्हणालो, "मी दुसरी नापास माणूस. तरी अख्खं कुराण तीनदा वाचलंय!"

ते हसले. "काय लिहिलंय त्यात, चाचा?"

अरबी मला फक्त ओठांनी येत होती. कंपनीत तीस वर्षं प्रेस मशिन चालवली, पण एवढं उघडं मला कुणी पाडलं नव्हतं.

माझी नात शबनम त्यांच्याच हाताखालची. दहावी झाली तसं मी सांगून टाकलं, आता कॉलेज नाही, घरी बसायचं. पोरगी म्हणाली, "दादाजी, कुराणात अल्लाहचा पहिला हुकूमच 'वाच' असा आलाय. फक्त पोरांनी वाचा, असं कुठंय?"

ही शिकवण कुणाची ते ओळखलं. तडक मशिदीच्या कमिटीकडे हाफिजजींची तक्रार केली.

असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजानंतर बैठक बसली. कमिटीचे सदर, म्हणजे अध्यक्ष, कडाडले, "मुलींना भडकवता?"

"अर्थ सांगतो," हाफिजजी म्हणाले आणि कुराण माझ्यापुढे ठेवलं. "चाचा, तुम्ही तीनदा वाचलंय. मुलीला शिकवू नका, अशी एक ओळ दाखवा. आत्ता माफी मागतो."

मी पानं उलटत राहिलो. वाचता सगळं येत होतं, दाखवता काहीच येईना.

तरी सदरांनी बजावलंच, "माफी मागा, नाहीतर जा."

"विचारण्याची माफी मी मागणार नाही." एवढं बोलून त्यांनी चटई गुंडाळली. चाकणला निघाले. जाताना मलाच आधी सलाम केला. सलामाला उत्तर देणं फर्ज असतं, धर्माने घालून दिलेलं कर्तव्य. मी दिलं नाही. गुर्मी म्हणा हवं तर. आयुष्यात कुणाची माफी मागितली नाही, त्यांचीही नाही. पुढे जे केलं त्यावरून जमातीतले दोघंतिघं अजून तोंड फिरवतात. फिरवू देत.

दुसऱ्या दिवशी सकाळी शबनमला घेऊन आकुर्डीच्या कॉलेजात गेलो. खिडकीतल्या माणसाने फॉर्म सरकवला. "इथं सही करा, बाबा."

मी फॉर्मवर हात ठेवला आणि नातीला म्हणालो, "आधी वाच. मतलबासकट."