ज्याची बाजू, त्याच्या हाती डस्टर

सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी अनिकेतला झाडत होते. म्हणजे टाइप करत होते. गुणक या आमच्या सॉफ्टवेअरच्या चर्चेच्या पानावर, त्याने पाठवलेल्या बदलांखाली, माझा तिसरा परिच्छेद चालू होता आणि चांगलाच रंगात आलेला. फोनवर काकू, सरांची बायको. "मंजिरी, मास्तर गेलं गं पोरी." मी "हो" म्हटलं... हो काय म्हणायचं असतं अशा वेळी? पण तेच तोंडातून निघालं. रिक्षा पकडून डोंबिवली पश्चिमेला, खाडीच्या अंगाला त्यांच्या घरी पोचले, तर दारात चपलांच्या ढिगापाशी अनिकेत उभा. आंबिवलीहून माझ्याआधी पोचलेला. आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. सरांना शेवटचं बघितलं, त्याने एका बाजूने आणि मी दुसऱ्या. भांडण घरी अर्धवट टाइप करून ठेवलेलं.

भोईर सर कल्याणच्या एका कॉलेजात गणित शिकवायचे. वडील मिठागरावर राबलेले, भाऊ जमिनी विकून बंगलेवाले झालेले, आणि हे आपले खडूच्या धुळीत सुखी. निवृत्तीच्या बऱ्याच आधी त्यांनी 'गुणक' सुरू केलं. गुणक म्हणजे बीजगणित करणारं सॉफ्टवेअर. समीकरण द्या, सोडवून देतं. फुकट. शिवाय आतली सगळी यंत्रणा उघडी. कुणीही डोकावावं, कुणीही सुधारून पाठवावं. महागडी सॉफ्टवेअरं ज्यांना परवडत नाहीत अशा कॉलेजांतली पोरं ते वापरतात. लोक कुठून कुठून बदल पाठवतात, आणि त्यातलं काय घ्यायचं, काय परत धाडायचं हे सर बघायचे. हे काम किती कटकटीचं आहे ते केल्याशिवाय कळायचं नाही. समोरच्या माणसाने सुट्टीच्या दिवशी, पदरचा वेळ घालून, एका पैशाची अपेक्षा न ठेवता काहीतरी लिहिलेलं असतं आणि तुम्ही त्याला सांगायचं, बाबा रे, नको. लग्नात आलेला आहेर परत करण्यापैकीच ते. माणसं दुखावतात, कायमची निघून जातात. सरांकडून मात्र सहसा कुणी गेलं नाही.

मी त्यांना पहिल्यांदा भेटले ती ठाण्याला, नौपाड्यात. गुणकवाली मंडळी तिथे एका क्लासच्या रिकाम्या वर्गात अधूनमधून जमायची. माझं पहिलंवहिलं काम, सरांना तपासणीत मदत करणाऱ्या एका गृहस्थांनी नाकारलेलं आणि मी तावातावाने सरांपुढे उभी. मी आयटीतली, रोज हेच करते, मला कोण शिकवणार, असा एकंदर आविर्भाव. सरांनी ऐकून घेतलं, फळ्यावर मधोमध एक उभी रेघ मारली आणि खडू माझ्या हातात दिला. "यांचं म्हणणं काय आहे ते लिही." मी म्हटलं, "सर, माझं म्हणणं ऐका ना आधी." "तुझं ते लिहितील की." आणि डस्टर त्या गृहस्थांकडे. पद्धतच होती ती त्यांची. समोरच्याची बाजू तुम्ही लिहायची आणि डस्टर समोरच्याच्या हातात. त्याला पटलं नाही की तो पुसणार, तुम्ही पुन्हा लिहायचं. "हो, मला हेच म्हणायचंय," असं त्याने म्हणेपर्यंत सुटका नाही. मग अदलाबदल. त्या दिवशी ते गृहस्थ इतकं पुसत सुटले की माझा काळा कुर्ता पांढरा झाला. नंतर चहा पिताना मी सरांना विचारलं, ही तऱ्हा कुठून काढलीत? म्हणाले, "बापसाकडून. मिठागरात बांधावरून, पाण्यावरून सारखी भांडणं. बापूस मधे बसायचा आणि म्हणायचा, आदी त्याचा सांग, मंग तुझा. निम्मी भांडणं तिथेच मरायची. माझा फक्त खडू." "आणि उरलेली निम्मी?" "ती खरी असतात. त्यांना वेळ द्यायचा." पुढे तो क्लास बंद झाला तेव्हा सरांनी फळा टेम्पोत घालून घरी आणला आणि पुढच्या खोलीत ठोकला. काकूंनी त्या भिंतीसाठी शोकेस घेतलेली. ती आजतागायत माळ्यावर आहे.

अनिकेत गायकर या सगळ्यात बराच नंतर आला. आंबिवलीत मुलांना शिकवतो, डोक्याने तल्लख आणि हट्टी... माझ्याइतकाच. त्याने गुणकचा गाभाच, समीकरणं सोडवणारा भाग, नव्याने लिहून पाठवला. आधी जिथे कॉम्प्युटर घुमत बसायचा तिथे आता चुटकीसरशी उत्तर. मात्र वेगासाठी तो आतल्या आत अपूर्णांकांचे दशांश करायचा, आणि दशांश कुठेतरी तोडावेच लागतात. असे तुकडे सांडत गेले की कधीतरी घात होतोच. दोन उत्तरं अगदी जवळजवळ असली की त्याचं गुणक एकच दाखवायचं. गाभ्यात काय घ्यायचं हे तोवर सरांनी माझ्यावर सोपवलेलं. मी परत धाडलं. त्याने थोडं सुधारून पुन्हा पाठवलं, मी पुन्हा परत धाडलं. त्याने लिहिलं, "मॅडम, पोरांकडे जुने डबडे कॉम्प्युटर आहेत. तुमचं अचूक उत्तर येईपर्यंत लॅबचा तास संपतो. मग पोरं गुणक वापरायचंच सोडतात." मी लिहिलं, "चुकीचं उत्तर चुटकीसरशी मी पण देते, त्याला सॉफ्टवेअर कशाला?" झालं, आगीत तेल. त्याने जाहीर करून टाकलं की गुणकची प्रत घेऊन मी वेगळं चालवतो. तसा हक्क कुणालाही असतोच, त्यात काही गैर नाही. पण राबणारे हात मूठभर. ते दोन चुलींवर वाटले तर दोन्हीकडे उपास, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. माघार कोण घेणार?

सर तोवर अंथरुणाला खिळलेले. त्यांनी दोघांना एकाच वेळी बोलावून घेतलं. पलंग फळ्याच्याच खोलीत हलवला होता. आवाज अगदी खोल गेलेला, पण वाक्यं नेहमीसारखी नीट. "मी सेटिंग बदललंय. यापुढे गाभ्यात काहीही शिरायचं तर तुम्हा दोघांचा होकार लागेल. एकाचा चालणार नाही." मी म्हटलं, "सर, हे म्हणजे दोन सवती एका चुलीवर!" ते हसले, हसता हसता ठसका लागला, काकू माझ्यावर डोळे वटारून धावल्या. मग म्हणाले, "मला उठवा जरा." अनिकेतने एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या. त्यांनी फळ्यावर एक उभी रेघ मारली. वाकडीतिकडी, मध्येच तुटलेली. तेवढ्यानेच दमले. "आज नको," म्हणाले, "पुढच्या वेळी भांडू." पुढची वेळ आलीच नाही.

तेराव्यानंतर गुणक ठप्प. लोकांच्या दुरुस्त्या येऊन पडत होत्या, माझा होकार असला तर अनिकेतचा नसायचा, आणि त्याचा असला तर माझा. कॉलेजं सुरू व्हायला आलेली. मला सरांचा रागही आला, खोटं कशाला बोलू. मरता मरता माणूस आपल्याला या काट्याच्या झुडपात बांधून गेला, असं वाटायचं. पण गुणक मरू द्यायचं नाही, एवढं माझं ठरलेलं होतं. शेवटी मीच अनिकेतला फोन केला. "सरांकडे ये. फळ्यापाशी." तो म्हणाला, "डस्टर आधी माझ्याकडे राहणार."

गेलो. फळ्यावर सरांची रेघ तशीच होती. तिला धक्का लागू नये म्हणून मी एका कोपऱ्यात, मुंगीच्या अक्षरात अनिकेतची बाजू लिहायला लागले. तोही डस्टरची नुसती कड टेकवून पुसत होता. काकू चहा घेऊन आल्या आणि बघतच राहिल्या. "एवरा बारीक काय लिवता रं? भांडता का चोरी करता?" मी म्हटलं, "काकू, सरांची रेघ..." त्यांनी कप ठेवले, अनिकेतच्या हातातलं डस्टर घेतलं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत फळा स्वच्छ पुसून टाकला. रेघेसकट. "मास्तरांचा फोटू तिकडं हाय, हार घातलाय. ह्यो फळा हाय, देव्हारा नाय. मारा दुसरी रेघ." खडूची धूळ त्यांच्या केसांवर बसलेली. डोळ्यांत पाणी होतं, आणि डस्टर त्यांनी अनिकेतच्या हातात परत दिलं.

मी रेघ मारली. मग मोठ्या अक्षरांत लिहिलं: लवकर उत्तर हवं. अनिकेतने पुसलं. जुने कॉम्प्युटर, म्हणून वेग हवा. पुसलं. चहा निवला. शेवटी मी लिहिलं: ज्या मुलाला उत्तर दिसलंच नाही, त्याच्यासाठी अचूक आणि चूक दोन्ही सारखंच. अनिकेतने डस्टर खाली ठेवलं. "हो. मला हेच म्हणायचंय." मग डस्टर माझ्याकडे आलं आणि खडू त्याच्याकडे. मी पुसायला अगदी टपून बसलेले, सांगते ना. त्याने एकदाच लिहिलं: मुलगा गुणकचं उत्तर तपासत नाही, त्यावर विश्वास ठेवतो, तो विश्वास आपण वेगासाठी विकायचा नाही. इतके दिवस मला हे असं सांगता आलं नव्हतं. पुसायला काही उरलंच नव्हतं... आणि सर गेल्यापासून पहिल्यांदा मी हमसून हमसून रडले, डस्टर हातात धरून, काकूंच्या समोर, अनिकेतच्या समोर.

पुढचं सोपं होतं. गुणक आधी झटपट उत्तर दाखवतं आणि त्यावर ठळक 'अंदाजे' लिहितं. अचूक उत्तर मागून येतं, आणि दोन्ही जुळली नाहीत तर तसं स्पष्ट सांगतं. त्याने हो म्हटलं, मी हो म्हटलं. प्रत घेऊन वेगळं व्हायचं कुणी काढलं नाही. माझा तो तिसरा परिच्छेद मी खोडून टाकला, जरा हळहळतच, कारण लिहिला फर्मास होता. आमचं नंतरही जमतं असं नाही. परवाच चिन्हं कशी मांडायची यावरून पुन्हा वाजलंय. काकूंना फोन करून विचारलं, येऊ का, तर म्हणाल्या खडू संपलेत, येताना घेऊन या. या रविवारी जातोय. रेघ मारायची पाळी अनिकेतची आहे.