कोळशावरची मोटार

परटाच्या इस्त्रीतल्या कोळशाचा वास आला की युद्धकाळातली शिरपूरची मोटार आठवते. पेट्रोलच्या टंचाईमुळे ती कोळशाच्या गॅसवर चाले. पत्नीचे वडील अत्यवस्थ होते, म्हणून आम्ही धुळ्याहून निघालो होतो. वाटेत एका उजाड, धुळकट गावी मोटारीची भट्टी विझली.

"भाऊ, लवकर पेटवा ना. आबा वाट पाहताहेत," ती म्हणाली.

"बहीन, कोयसाले घाई समजत नही," ड्रायव्हर हसला. मला राग आला.

तेवढ्यात समोरून शिरपूरकडची मोटार येऊन थांबली. आम्हाला न्यायला निघालेला तिचा भाऊ खाली उतरला. त्याचे डोके नुकतेच भादरलेले होते.

आता वाटते, भट्टी पेटत नव्हती तेवढा वेळ तिचे आबा तिच्यापुरते जिवंत होते.