अडलंय, का खटकायलंय?

लातूरच्या शिकवणी वर्गांच्या गल्लीत भाईचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. सराव परीक्षांचं एक मोफत सॉफ्टवेअर ठिकठिकाणची माणसं हौसेनं, बिनपगारी चालवतात. त्यात आधी काय दुरुस्त करायचं, हे तो ठरवतो. तक्रार कोणाचीही असो, त्याचा प्रश्न ठरलेला: "अडलंय, का नुसतं खटकायलंय?"

माझ्या मुलीला दिसत नाही. पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या आवाजावर ती बँकेच्या परीक्षेची तयारी करते. या सॉफ्टवेअरमध्ये मात्र कुठल्याही बटणावर गेलं, की तो आवाज फक्त "बटण" म्हणायचा. 'पुढचा प्रश्न' समजून तिनं दोनदा अर्धाच पेपर जमा केला आणि सराव सोडून दिला.

मी हे सांगायला गेलो, तेव्हा एका क्लासचे सर आधीच तिथं होते. "भाई, निकालाच्या पानाचे रंग कवा बदलता?"

त्यानं माझं ऐकून घेतलं, मॉनिटर बंद केला आणि नुसत्या कानानं पेपर सोडवायला घेतला. तिसऱ्याच प्रश्नाला पेपर जमा झाला.

"सर, रंग थांबतेत. हितं माणूस अडलंय."

"एका पोरीसाठी?"

"काका आले म्हणून एक कळली. बाकीचे गपचूप सोडून गेले असतील."

पुढच्या आवृत्तीत प्रत्येक बटण आपलं नाव सांगू लागलं. मुलीनं शेवटच्या प्रश्नापर्यंत पेपर सोडवला. गुण कमीच पडले. मी समजूत काढणार, तोच ती हसली.

"असू द्या पप्पा. आता चुकलं ते माझं चुकलं."